मकुएनीतल्या गावासाठी बोअर मारण्याआधी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. नैरोबीतल्या तुम्हा दहा-बारा मराठी कुटुंबांनी मकुएनी काउंटीतल्या एका गावासाठी वर्गणी जमवली आहे. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या एक बाई त्या गावच्या. तिथल्या बायका कोरड्या नदीत झिरे खोदून पाणी भरतात, हे तुम्ही स्वतः पाहून आलात. आता बोअर मारायचा, त्यावर सोलर पंप आणि टाकी बसवायची, असं ठरत आलंय. कंत्राटदाराचं दरपत्रकही आलंय. यात काय काळजी घ्यावी, असं विचारलंत.

माझं म्हणणं, यंदा बोअर मारू नका. पैसे बँकेत राहू द्या आणि गावात पुन्हा जा, या खेपेला रिकाम्या हातानं.

मराठवाड्यात वीस वर्षं पाणलोटाचं काम केल्यावर मी उकाम्बानीत, म्हणजे कांबा लोकांच्या माचाकोस-मकुएनी-किटुई पट्ट्यात, अकरा वर्षं काढली. आल्या आल्या आम्ही एका गावाला अगदी तुमच्या मनात आहे तसाच बोअर दिला होता. चांगलं पाणी लागलं. पंप, टाकी, कुंपण, नळकोंडाळं सगळं झालं, उद्घाटनाला बोकड कापला. तीन वर्षांनी मी दुसऱ्याच कामासाठी त्या वाटेनं जात होतो, म्हणून डोकावलो. टाकी कोरडी. बायका पुन्हा नदीत. ओळखीच्या एका आजीनं माझा हात धरला आणि अतिशय प्रेमानं बातमी दिली: ‘पाम्पु येनु इमेहरिबिका.’ तुमचा पंप बिघडलाय.

स्वाहिलीत येनु म्हणजे तुमचा, येतु म्हणजे आमचा. आजीला काहीच टोमणा मारायचा नव्हता. शेजाऱ्याची गाय सुटलेली दिसली तर आपण जसं सांगतो, तसं तिनं सांगितलं. आठ महिने पंप बंद होता आणि एवढ्या काळात तो दुरुस्त करणं हे आपलं काम आहे असं गावात कोणाच्याही मनात आलं नव्हतं. यावं तरी कसं? जागा आम्ही निवडली, यंत्र आम्ही निवडलं, कंत्राटदार आमचा. गावानं फक्त टाळ्या वाजवल्या होत्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यानंतर प्रत्येक कामात मी एवढंच तपासत आलो की वस्तू बिघडली तर गाव तिला येनु म्हणेल की येतु.

आधी बोअरबद्दल. मकुएनीच्या खालच्या, कोरड्या भागात जमिनीखाली जुना, कठीण पट्टिताश्म (नाइस) खडक आहे. पाणी भेगांमध्ये असतं, आणि अनेक ठिकाणी ते खारं लागतं. जनावरं पितात, माणसांना चहाही गोड लागत नाही. शिवाय सोलर पंपाचा कंट्रोलर जळला तर सुटा भाग आणि जाणता माणूस दोन्ही शहरातून आणावे लागतात. गावातली फुंदी, म्हणजे मिस्त्री माणसं, हुशार असतात, पण पेटीबंद इलेक्ट्रॉनिक यंत्रापुढे त्यांचेही हात थांबतात.

हातपंपाची कहाणी तर आपल्या घरातूनच सुरू होते. आफ्रिकेतल्या हजारो गावांत जो इंडिया मार्क टू हातपंप उभा दिसतो, त्याचं मूळ जालना आणि सोलापुरात आहे. ओतीव लोखंडाचे जुने पंप अख्ख्या गावाच्या वापराला टिकत नव्हते, तेव्हा तिथल्या मिशनच्या कार्यशाळांनी पोलादी पंप तयार केले, आणि १९७० च्या दशकात सोलापूर पंपाच्या धर्तीवर युनिसेफच्या मदतीनं इंडिया मार्क टू घडला. मला अजूनही तो कुठे दिसला की भरून येतं. पण त्याचा जमिनीखालचा भाग बिघडला की सगळे पाइप वर ओढावे लागतात, त्याला तिकाटणं, खास अवजारं आणि चार-सहा तयार माणसं लागतात. आपल्याकडे जिल्ह्याचं फिरतं दुरुस्ती पथक होतं. आफ्रिकेत पंप पोचला, पथक पोचलं नाही. म्हणून १९८० च्या दशकात केनिया आणि मलावीत आफ्रिदेव्ह हा वेगळा पंप तयार झाला. प्लॅस्टिकचे पाइप, एका पान्यानं उघडणारी रचना, आणि वॉशर बदलायला पाइप वर काढायची गरजच नाही. केनियाच्या किनाऱ्याकडे क्वालेत बायकांनी तो स्वतः खोलून दुरुस्त केला. तरीही २००९ च्या सुमाराचा अंदाज असा होता की सहाराच्या दक्षिणेकडे कुठल्याही दिवशी साधारण तीनातला एक हातपंप बंद असतो. सोपा पंप आला तरी वॉशरचे पैसे कोण गोळा करणार आणि कोणाकडे ठेवणार, हे ठरलेलं नसेल तर तो बंदच पडतो.

आता तुमच्या गावाकडे वळतो. तिथे आधीपासून काय आहे?

पहिली गोष्ट म्हणजे म्वेथ्या. कांबा भागात कामासाठी एकत्र येणाऱ्या गटाला हे नाव आहे. आपल्याकडची सावड आठवा. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. पूर्वी घर शाकारायला, पेरणीला म्वेथ्या जमत. पुढे बांध घालायला, शाळा बांधायला जमू लागले. आज गटात बहुतेक बायका असतात, कारण पुरुष कामासाठी नैरोबी-मोम्बासाला गेलेले. एखाद्या सकाळी डोंगरउतारावर तीस-चाळीस जणी ओळीनं जेम्बे, म्हणजे कुदळी, घेऊन गाणी म्हणत चर खोदताना दिसल्या तर थांबा आणि अर्धा तास नुसतं बघा. कोण मोजणी करतंय, कोण गैरहजेरी लिहितंय, दंड किती, भाकरीच्या वेळी म्हाताऱ्या बाईला हलकं काम कसं दिलं जातंय. तुम्हाला जी ‘समिती’ कागदावर स्थापन करायची आहे, ती तिथे चालू स्थितीत उभी असते.

या लोकांवर विकास लादून पाहिलेला आहे, हा इतिहासही तुम्हाला माहीत हवा. १९३० च्या दशकात वसाहत सरकारनं ठरवलं की कांबा लोकांच्या गुरांमुळे जमीन धुपते. मग जबरदस्तीनं गुरं उचलून विकायला सुरुवात झाली. १९३८ मध्ये मुइंदी म्बिंगू यांच्या पुढाकारानं कांबा लोक नैरोबीवर चालून गेले आणि तिथे आठवडेच्या आठवडे ठाण मांडून बसले. सरकारला माघार घ्यावी लागली. म्बिंगूंना लामूला हद्दपार केलं. नैरोबीच्या मध्यभागी त्यांच्या नावाचा जो रस्ता आहे, त्यावरून तुम्ही कितीदा गेला असाल. पुढे सक्तीनं बांध घालून घेतले, तेही लोकांनी मनापासून केले नाहीत आणि नीट राखले नाहीत.

मात्र तेच लोक, तीच जमीन, आणि काही वर्षांनी चित्र पालटलं. १९३२ मध्ये जुन्या माचाकोस जिल्ह्यात, ज्यात आजचं मकुएनी येत होतं, सुमारे २.४ लाख माणसं होती. १९८९ पर्यंत ती १४ लाखांच्या आसपास गेली. एवढी माणसं वाढल्यावर जमीन उजाड व्हायला हवी होती. झालं उलटंच. धूप कमी झाली, उतारांवर पायऱ्यांची शेती आली, झाडं वाढली, दरडोई उत्पन्न वाढलं. बांध म्वेथ्यांनी घातले आणि कोणत्या पद्धतीनं घालायचे ते शेतकऱ्यांनी ठरवलं. त्यांनी फान्या जू निवडली. शब्दशः ‘वर कर’, म्हणजे माती वर टाक. समतल रेषेवर चर खोदायचा आणि माती चराच्या वरच्या अंगाला टाकायची. आपल्या समतल चरात माती खालच्या अंगाला टाकतात, त्यामुळे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं हे उलटं खोदतायत! मी चक्क थांबवायला गेलो होतो. एका बाईंनी मला शेजारचं दहा वर्षांपूर्वीचं शेत दाखवलं. वरून वाहून येणारी माती त्या बांधाला अडून साठत गेली होती आणि उताराची आपोआप सपाट पायरी तयार झाली होती. बांधावर नेपियर गवत, गुरांच्या चाऱ्याची सोय. मेहनत जास्त लागते, पण शेत मिळतं. त्या दिवशी मी सूचना देणं बंद केलं आणि वही काढली.

दुसरी गोष्ट म्हणजे ती कोरडी नदी. तुम्हाला तिथे हलाखी दिसली, ते स्वाभाविक आहे. मीही मराठवाड्यात झिऱ्यावर वाटीवाटीनं पाणी भरणाऱ्या बाया पाहिल्या आहेत. पण उकाम्बानीतली वाळूची नदी हा गावाचा सर्वांत मोठा पाणीसाठा असू शकतो. पट्टिताश्म झिजला की गारगोटीची भरड वाळू होते. आपल्या काळ्या दगडाची झीज होऊन चिकणमाती होते. म्हणून आपल्या बंधाऱ्यात गाळ साचला की आपण डोक्याला हात लावतो, आणि तिकडे बंधारा वाळूनं भरावा म्हणूनच बांधतात. नदीच्या पात्रात, जिथे तळाला पक्का खडक आहे तिथे, दगड-सिमेंटची दोन ते चार मीटर उंचीची भिंत घालतात. एक-दोन पावसाळ्यांत मागे वाळू भरते. वाळूच्या कणांमधल्या पोकळीत एकूण घनफळाच्या पाव ते जवळपास ४० टक्के पाणी राहतं. वर ऊन कितीही तापलं तरी आत बाष्पीभवन फारसं होत नाही, डास होत नाहीत, जनावरं ते घाण करत नाहीत. भिंतीलगत उथळ विहीर खोदून त्यावर साधा हातपंप बसवता येतो. आणि पंप बिघडला तरी कुणी तहानलेलं राहत नाही, कारण झिरा खोदता येतोच, तोही आता दीड-दोन फुटांवर. आजूबाजूच्या काठांतली पाण्याची पातळीही वर येते.

किटुई आणि माचाकोसमध्ये असे शेकडो बंधारे आहेत. माचाकोसच्या उतूनीत १९७८ च्या सुमारास गावातल्याच माणसांच्या गटानं हे काम धरलं आणि पुढे ते दूरवर पसरलं. बिघडलेले बंधारेही मी पुष्कळ पाहिले आहेत. भिंत खडकावर बसवली नाही तर पाणी खालून निघून जातं. भिंतीचे दोन्ही खांदे काठात खोल घुसवले नाहीत तर पहिल्याच पुरात नदी बाजूनं वाट काढते आणि भिंत पात्रात नुसती उभी राहते. वरचा उतार बांधून घेतला नसेल तर वाळूबरोबर माती येते आणि पोकळी बुजते. माथा ते पायथा हा आपला नियम तिथेही तसाच लागू आहे. आधी म्वेथ्यानं वरच्या शेतांत फान्या जू काढायची, मग खाली भिंत. हा क्रम मी एकदाही मोडू दिलेला नाही. त्यामागे पाण्याचं शास्त्र तर आहेच, शिवाय ज्या गटानं एक हंगाम स्वतःच्या हिमतीवर बांध घातले, तो गट भिंत सांभाळणार हे तेव्हाच कळतं.

तुमच्या नदीला तळाचा खडक जवळ आहे का, वाळू भरड आहे का, हे माझ्यासारख्यानं येऊन बघण्याआधी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. ऑगस्ट-सप्टेंबरात सर्वांत शेवटी कुठला झिरा आटतो? त्या जागेखाली बहुधा खडकाची नैसर्गिक आडवी भिंत असते. लोखंडी सळई ठोकून ते पडताळता येतं. जागा नसेलच तर बंधारा विसरा. मग शाळेच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी टाकीत घेणं, किंवा उघड्या खडकाच्या उतारावरचं पाणी बांध घालून अडवणं, हे पर्याय आहेत. आणि गावानंच विचारपूर्वक सांगितलं की आम्हाला बोअरच हवा, पाणी गोडं लागल्याची शेजारी उदाहरणं आहेत, दर जेरीकॅनला इतके शिलिंग घेऊन आम्ही तो चालवू, तर मी बोअरलाही हो म्हणेन. किटुई आणि क्वालेत ठरावीक वर्गणी घेऊन दुरुस्तीची हमी देणारी सेवाही उभी राहिली आहे. तशी सोय तुमच्या गावापर्यंत पोचते का ते बघा.

मालकीचा मुद्दा मला पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशानं शिकवला. मी तिथे थोडेच दिवस होतो, पण तिथली गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. माराडी भागात १९८० च्या आधी कितीतरी रोपं लावली गेली आणि मेली. १९८३ मध्ये टोनी रिनाउडो या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञाच्या लक्षात आलं की शेतात झुडपांसारखे दिसणारे फुटवे म्हणजे तोडलेल्या झाडांचे जिवंत बुंधे आहेत. मुळं खाली शाबूत आहेत. फुटवे निवडून छाटले, राखले की झाड उभं राहतं. रोपवाटिका नको, पाणी घालायला नको. मग शेतकरी ते आधीच का करत नव्हते? वसाहतकाळापासूनच्या कायद्यानं झाड सरकारचं होतं. स्वतःच्या शेतातली फांदी तोडली तरी वनरक्षक दंड करी. झाड आपल्या नावावर नाही, तर ते वाढण्याआधीच उपटलेलं बरं. अधिकाऱ्यांनी हात सैल सोडला, झाड राखणाऱ्याचं झाड असं व्यवहारात मान्य झालं, आणि पद्धत शेतकऱ्याकडून शेतकऱ्याकडे गेली. उपग्रहाच्या चित्रांत सुमारे ५० लाख हेक्टरवर हिरवळ परतलेली दिसली. त्यातला गाओ वृक्ष विलक्षण आहे. पावसाळ्यात पानं गाळतो, त्यामुळे खालच्या बाजरीला सावली लागत नाही, आणि कोरड्या दिवसांत हिरवा होऊन गुरांना शेंगा देतो. तिथले शेतकरी गाओखालच्या बाजरीची कणसं अभिमानानं दाखवतात.

आता तुमच्या पैशाचं. गावात चामा असेलच. चामा म्हणजे आपली भिशी, काही ठिकाणी बचत गट. माराडीतच १९९१ मध्ये केअर संस्थेनं बायकांच्या बचतीची जी रीत बसवली, तिची रूपं आज आफ्रिकाभर दिसतात: तीन कुलपांची पेटी, तीन जणींकडे तीन किल्ल्या, वर्षाअखेर सर्वांसमोर मोजणी आणि वाटप. गावातल्या चामाची वही बघायला मागा. दोन वर्षं ज्यांचा हिशोब चोख आहे, त्यांना पैसा सांभाळायला शिकवायची गरज नसते. तुमचे पैसे सिमेंट, सळई आणि मिस्त्रीच्या मजुरीपुरते असू द्या. दगड, वाळू, बांधकामाचं पाणी आणि खोदाई गावाची. हे श्रमदान पैशांत मांडून, तुमच्या वर्गणीशेजारी, शाळेच्या भिंतीवर लिहा. बहुतेक वेळा गावाचा आकडा तुमच्याइतकाच भरतो, आणि तो वाचताना लोकांचे चेहरे बघण्यासारखे असतात. खरेदी गावच्या समितीनं करावी, तिघांच्या सहीनं. सिमेंटच्या दुकानात घासाघीस करणाऱ्या त्या खजिनदार बाईंइतकी स्वस्त खरेदी तुम्हाला आणि मला जमणार नाही.

सरकारी चीफनं बोलावलेल्या बराझात, म्हणजे गावसभेत, ठराव पास झाला, यावर विसंबू नका. तिथे पुढच्या खुर्च्यांवर पुरुष बसतात आणि पाणी भरणाऱ्या मागे उभ्या असतात. वेगळ्या दिवशी, नदीवर, पाणी भरण्याच्या वेळी बायकांना विचारा. नदीपासून लांब राहणारी घरं, विधवा, बाहेरून येऊन वसलेली कुटुंबं, यांची नावं मुद्दाम काढा. माझ्या एका बंधाऱ्यावर दोन वर्षांनी कळलं की पलीकडच्या काठावरच्या सात घरांना कोणी पाणी भरू देत नव्हतं. नियम लिहिले होते, त्यात ती घरंच नव्हती. चूक माझी होती, मी त्या काठावर कधी गेलोच नव्हतो.

दोन्ही काठांच्या जमीनमालकांकडून वाटेचा हक्क लेखी घ्या. जलसंपदा प्राधिकरणाची परवानगी आणि पर्यावरण विभागाची मंजुरी लागते, ती गटाच्या नावानं काढा. मकुएनीत २०१३ पासून गावपातळीवरच्या विकास समित्या काउंटीच्या कामांवर लक्ष ठेवतात, ठेकेदाराचं बिल निघायला गावच्या समितीची सही लागते. त्यांना सुरुवातीलाच सोबत घ्या. आणि वाळूचोरीबद्दल सावध राहा. नैरोबीच्या इमारतींना लागणारी वाळू याच नद्यांतून ट्रकनं जाते, आणि वाळू गेली की तिच्यातलं पाणीही गेलं. गोदावरीकाठच्या माणसाला हे सांगायला नको. मकुएनीनं २०१५ मध्ये वाळू जपण्याचा स्वतंत्र कायदा केला आहे, पण रात्री ट्रक आला तर अडवायला नदीवर उभं राहणारं गावच लागतं. भरलेला बंधारा म्हणजे ट्रकवाल्यांसाठी आयती खाण. वर्षाकाठी पंपाला वॉशर लागतील तेवढा निधी आणि पहाऱ्याची पाळी, या दोन गोष्टी बांधकामाआधी ठरल्या नसतील तर सिमेंटचं एक पोतंही पाठवू नका.

वेळापत्रक असं धरा. उकाम्बानीत ऑक्टोबर ते डिसेंबरचा छोटा पाऊसच जास्त भरवशाचा. आता गावात जाऊन या, दोन-तीनदा. म्वेथ्यानं येत्या पावसाआधी वरच्या उतारावर बांध घालायला घेतले, तर पाऊस संपल्यावर ते किती टिकले ते बघायला मी तुमच्याबरोबर येईन. पुढच्या वर्षी जुलैत, पीक निघाल्यावर, भिंतीचा पाया खोदता येईल. तोवर तुमच्याकडे येणाऱ्या त्या बाईंना विचारा की त्यांच्या आईच्या म्वेथ्याचं नाव काय, आणि या आठवड्यात तो कुणाच्या शेतात आहे.